‘लिटल हाउस’मधली लॉरा आणि खरी लॉरा: पुस्तकांत न आलेली तीन वर्षं

तुमची नऊ वर्षांची लेक लॉरा इंगल्स वाइल्डरची ‘लिटल हाउस’ मालिका एकामागून एक वाचते आहे. पाचवं पुस्तक उघडल्यावर तिने तुम्हाला विचारलं, की मेरी अचानक आंधळी कशी झाली आणि ही ग्रेस नावाची छोटी बहीण कुठून आली? तुम्ही शोधायला गेलात, तर लॉराला एक भाऊही होता आणि तो तान्हेपणीच गेला असं कळलं. शिवाय ही पुस्तकं लॉराने नव्हे, तिच्या मुलीने लिहिली, असंही कुठेतरी वाचलंत. तेव्हा यात खरं किती, आणि मुलीला सांगायचं किती, असा तुमचा प्रश्न आहे.

मी चोवीस वर्षं मुलांचं वाचनालय चालवते. शनिवारच्या वाचनगटात ही मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चार वेळा झाली आहे. तुमच्या मुलीने ज्या जागी बोट ठेवलं, तिथे प्रत्येक गटात एखादं तरी मूल अडखळतंच. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी लॉरा आठ-नऊ वर्षांची आहे आणि पाचव्याच्या सुरुवातीला बारा. मधली तीनेक वर्षं कुठेच नाहीत. लॉराच्या घरावर आलेलं सगळ्यांत मोठं दुःख त्याच वर्षांत आहे, आणि ते तिने मुलांच्या पुस्तकात कधीच येऊ दिलं नाही. माझं मत विचाराल, तर खरी लॉरा या न लिहिलेल्या पानांत सगळ्यांत जवळून भेटते. त्या वर्षांकडे येतेच, पण आधी घरातली माणसं.

पा म्हणजे चार्ल्स इंगल्स, जन्म १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातला. मा म्हणजे कॅरोलाइन क्वायनर, १८३९ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेली. ती लहान असतानाच तिचे वडील मिशिगन सरोवरात जहाज बुडून गेले, आणि तिच्या आईने पोरांना मोठ्या हलाखीत वाढवलं. पुस्तकातली मा एवढी काटकसरी का, मुलींच्या शिक्षणावर एवढी अडून का बसते, ते यावरून समजतं. ती स्वतः लग्नाआधी शाळेत शिकवत असे. दोघांचं लग्न १ फेब्रुवारी १८६० ला झालं.

इथे एक गंमत आहे, आणि ती इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा आपल्याला लवकर कळते. इंगल्स आणि क्वायनर या शेजारच्या दोन घरांत मिळून तीन लग्नं झाली, म्हणजे आपल्याकडचं साटंलोटंच. पहिल्या पुस्तकात नाताळला किंवा कापणीला जे ‘अंकल’ आणि ‘आंट’ भेटतात त्यांची नाती मराठीत लावून बघा. हेन्री हा माचा भाऊ, म्हणून मामा. त्याची बायको पॉली पाची बहीण, म्हणून आत्या. पीटर हा पाचा भाऊ, म्हणून काका. त्याची बायको एलायझा माची बहीण, म्हणून मावशी. कापणीच्या दिवशी गांधीलमाश्या चावतात तो चार्ली लॉराचा आतेभाऊही आहे आणि मामेभाऊही. मी गटात फळ्यावर हा वंशवृक्ष काढते तेव्हा मुलं खूश होतात. त्या जंगलातल्या घरात इतकी ऊब का आहे, हेही त्यांना कळतं. पुढे पा पश्चिमेकडे निघतो, तेव्हा मा आपले भाऊ, बहीण आणि सगळी भावंडं मागे सोडून गाडीत बसते. मग ते प्रकरण पुन्हा वाचायला घ्यावं.

मुलं पाच झाली. मेरी १० जानेवारी १८६५ ला, वडिलांच्याच वाढदिवशी. लॉरा ७ फेब्रुवारी १८६७ ला, विस्कॉन्सिनमधल्या पेपिन गावाजवळच्या लाकडी घरात. कॅरी ३ ऑगस्ट १८७० ला कॅन्ससमध्ये. मग १ नोव्हेंबर १८७५ ला चार्ल्स फ्रेडरिक, ज्याला घरात फ्रेडी म्हणत. आणि २३ मे १८७७ ला ग्रेस, आयोवामधल्या बर ओक गावात. तुमच्या मुलीला ग्रेस ‘अचानक’ भेटते, कारण बर ओक हे गावच मालिकेत नाही.

आता कॅन्ससबद्दल. मालिकेतलं सगळ्यांत प्रसिद्ध पुस्तक, ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’, इथे घडतं, आणि लॉराच्या स्वतःच्या आठवणी सगळ्यांत कमी याच पुस्तकात आहेत. पुस्तकांच्या क्रमानुसार हे कुटुंब आधी विस्कॉन्सिनच्या जंगलात राहतं आणि मग कॅन्ससला जातं. प्रत्यक्षात ते १८६९ मध्ये कॅन्ससला आले आणि १८७१ मध्ये पुन्हा विस्कॉन्सिनला परतले. तेव्हा लॉरा दोन ते चार वर्षांची होती. त्या वयाचं काय आठवणार? आई-वडिलांनी नंतर सांगितलेल्या गोष्टींवर हे पुस्तक उभं आहे. घर इंडिपेन्डन्स गावापासून ४० मैलांवर होतं, असं लॉरा लिहिते. त्या हिशेबाने ती आणि तिची मुलगी रोझ जागा शोधायला गेल्या त्या थेट ओक्लाहोमात, आणि काही सापडलं नाही. जागा खरं तर गावापासून जेमतेम १३ मैलांवर होती. ती पुढे संशोधकांनी १८७० च्या जनगणनेच्या नोंदींवरून शोधून काढली.

त्याच नोंदींमुळे दुसरी गोष्ट पुढे आली, आणि ही मुलीला नक्की सांगा. ती जमीन ओसेज या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांची, म्हणजे पुस्तकातल्या ‘इंडियनां’ची होती. पाने तिथे घर बांधलं तेव्हा ती वसाहतीसाठी खुली झालेलीच नव्हती. कायद्याच्या भाषेत तो अतिक्रमण करणारा होता, आणि तो एकटा नव्हता, असे हजारो लोक तिथे घुसले होते. ओसेजांची शिकारीची रानं हातची जात होती, घरात अन्न नव्हतं. पुस्तकात ते घरात शिरून मक्याची भाकरी आणि तंबाखू घेतात, तो प्रसंग लहान मुलीच्या भीतीतून लिहिला आहे. पण आपल्या जमिनीवर न विचारता राहणाऱ्या माणसाकडून ते काही घेत होते, हे कळलं की तोच प्रसंग वेगळा दिसतो. १८७० मध्ये अमेरिकी संसदेने ओसेजांना तिथून हलवण्याचा कायदा केला आणि ते आजच्या ओक्लाहोमात गेले. म्हणजे सरकार घुसखोरांच्याच बाजूने उभं राहिलं. पुस्तकात मात्र सैनिक येऊन आपल्याला हाकलतील या रागाने पा घर सोडतो. खरं कारण फार साधं होतं: विस्कॉन्सिनचं घर ज्याला विकलं होतं त्याला पैसे फेडणं जमेना, म्हणून ते घर यांच्याकडे परत आलं.

१९३५ च्या पहिल्या आवृत्तीत त्या प्रदेशाचं वर्णन करताना तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचं वाक्य होतं. १९५२ मध्ये एका वाचकाने प्रकाशकांना पत्र लिहून ते दाखवून दिलं. लॉरा तेव्हा ८५ वर्षांची होती. तिने चूक लगेच कबूल केली, आणि पुढच्या आवृत्तीत ‘माणसं’च्या जागी ‘वसाहतकरी’ आलं. त्या वाचकाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि दुरुस्ती मान्य करणाऱ्या म्हातारीबद्दलही. तरी पुस्तकातले बाकीचे उल्लेख तसेच राहिले. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने १९५४ मध्ये तिच्या नावाने बालसाहित्याचा पुरस्कार सुरू केला होता आणि पहिला तिलाच दिला होता. २०१८ मध्ये त्याच संघटनेने या कारणांसाठी पुरस्कारावरून तिचं नाव काढलं. पुस्तक मुलांच्या हातून काढून घ्यावं असं मला वाटत नाही. पण हे पुस्तक मुलाला एकट्याने वाचायला देऊ नये, शेजारी बसून वाचावं, असं मी पालकांना आवर्जून सांगते.

याच पुस्तकातली एक व्यक्ती मुलांना फार आवडते: सगळे हिवतापाने आजारी असताना येणारा कृष्णवर्णीय डॉक्टर. तो खराखुरा होता. डॉ. जॉर्ज टॅन त्याचं नाव, आणि कॅरीच्या जन्माच्या वेळीही तोच हजर होता. इंडिपेन्डन्सच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे.

आता ती तीन वर्षं.

१८७४ मध्ये कुटुंब मिनेसोटात, वॉलनट ग्रोव्ह गावाजवळच्या प्लम क्रीकच्या काठी आलं. ओढ्याच्या दरडीत खोदलेलं ते घर, छपरावर गवत, ते सगळं खरं. पाने गव्हाच्या येणाऱ्या पिकाच्या भरवशावर उधारीने फळ्या आणून नवं घर बांधलं आणि पीक उभं असताना टोळधाड आली, तेही खरं. २०२० च्या मे महिन्यात अमरावती-नागपूर भागात टोळधाड आली होती, तिच्या बातम्या तुम्हाला आठवत असतील. अमेरिकेतली १८७३ ते १८७७ मधली धाड तिच्या कितीतरी पट मोठी होती. रॉकी पर्वतातल्या त्या टोळांची जातच पुढे नामशेष झाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर एकही दिसलेला नाही. लॉराने टोळांचं जे वर्णन केलं आहे, चमकणारा ढग, छपरावर पडणारा मारा, आणि मग दिवसरात्र ऐकू येणारं त्यांचं चावणं, त्यात अतिशयोक्ती नाही. पा फाटक्या बुटांनी चालत पूर्वेकडे कापणीची मजुरी शोधायला गेला, तेही खरं.

पुस्तक इथे थांबतं, जगणं थांबलं नाही. टोळांनी दुसरंही पीक खाल्लं. १८७५ च्या अखेरीस सरकारी मदतीचं पीठ मिळावं म्हणून पाला आपल्याकडे काही साधन उरलेलं नाही, असं शपथेवर लिहून द्यावं लागलं. पुस्तकातला स्वाभिमानी पा डोळ्यांसमोर आणा आणि मग तो कागदावर सही करतोय असं चित्र मनात आणा. ही गोष्ट मालिकेत कुठेच नाही.

त्याच नोव्हेंबरमध्ये फ्रेडी जन्मला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी शेत विकलं आणि पूर्व मिनेसोटात पीटर काका आणि एलायझा मावशीकडे काही महिने राहिले. तिथे फ्रेडी आजारी पडला आणि २७ ऑगस्ट १८७६ ला गेला. नऊ महिन्यांचा होता. लॉरा तेव्हा नऊ वर्षांची, तुमच्या मुलीएवढी. तिच्या मोठ्यांसाठीच्या आत्मचरित्रात या मृत्यूवर जेमतेम दोन-तीन वाक्यं आहेत, रडणं नाही, विशेषणं नाहीत. पन्नासहून जास्त वर्षांनी लिहितानाही तिला त्याहून जास्त लिहिता आलं नाही, असं मला ती वाक्यं वाचताना दर वेळी वाटतं.

त्यानंतर आयोवातलं बर ओक. तिथे ओळखीच्या कुटुंबाचं एक छोटं हॉटेल होतं, त्यात आई-वडील राबत होते. दाराला बंदुकीच्या गोळ्यांची भोकं होती. नवरे दारू पिऊन येत, भांडणं होत, आणि मुलींना हे सगळं दिसे. गावातल्या डॉक्टरच्या बायकोने तर लॉराला दत्तक मागितलं. माने नकार दिला. आपलं मूल कुणीतरी मागावं, इतकी त्यांची परिस्थिती लोकांना दिसत होती. ग्रेस इथेच जन्मली. शेवटी भाडं थकलं. घरमालक थांबायला तयार नव्हता, घोडे जप्त करीन म्हणाला. तेव्हा एका रात्री हे कुटुंब गाडी जोडून गुपचूप निघून गेलं आणि वॉलनट ग्रोव्हला परतलं. तिथे दहा-बारा वर्षांची लॉरा घराबाहेर कामं करून पैसे आणू लागली.

१८७९ मध्ये मेरीवर आजार आला. पुस्तकात कारण दिलं आहे स्कार्लेट फीव्हर. पण आत्मचरित्रात लॉरा लिहिते ते वेगळं: प्रचंड डोकेदुखी, ताप, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, आणि मग हळूहळू दृष्टी जाणं. २०१३ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या एका गटाने ही वर्णनं, पत्रं आणि त्या काळची वृत्तपत्रं तपासून निष्कर्ष काढला, की हा बहुधा मेंदू आणि त्याच्या आवरणाला विषाणूमुळे आलेल्या सुजेचा आजार असावा. पुस्तकात स्कार्लेट फीव्हर का घातला? त्या काळातल्या मुलांच्या कथांत तो आजार वाचकांच्या ओळखीचा होता, म्हणून असेल. तुमच्या मुलीला सांगताना हे एवढं पुरे: मेरी खरंच चौदाव्या वर्षी आंधळी झाली, आणि ते एका दिवसात झालं नाही.

तू आता मेरीचे डोळे हो, असं पा लॉराला सांगतो तो प्रसंग तुमच्या मुलीने वाचला असेलच. मग लॉरा बहिणीला दिसणारं सगळं शब्दांत सांगायला लागते: आकाशाचा रंग, रेल्वेचे मजूर, रस्त्यावरची माणसं. लेखिका म्हणून लॉरा तिथे घडली असं मी मानते. तिचं गद्य वाचा, त्यात प्रत्येक वस्तू कशी बनवतात, कुठे ठेवतात, हाताला कशी लागते, हे सांगितलेलं असतं. ज्याला दिसत नाही त्याला सांगावं, तसं. १९३२ मध्ये पहिलं पुस्तक आलं तेव्हा मेरी जाऊन चार वर्षं झाली होती आणि मा जाऊन आठ.

डकोटामधल्या दे स्मेट गावाच्या आठवणी मात्र लॉराच्या स्वतःच्या आहेत, आणि म्हणून पाचव्या पुस्तकापासून मालिका सत्याच्या बरीच जवळ जाते. १८८०-८१ चा तो भयंकर हिवाळा, आगगाड्या बंद, गवताचे पीळ जाळून शेक, कॉफीच्या यंत्रात दळलेला गहू, हे सगळं घडलं आहे. आल्मांझो वाइल्डर आणि कॅप गारलंड हे दोन तरुण बर्फातून गहू आणायला गेले तेही. फक्त एक मोठी गोष्ट गाळली आहे: त्या हिवाळ्यात इंगल्सांच्या घरी आणखी एक जोडपं आणि त्यांचं तान्हं बाळ राहत होतं. लॉराच्या आठवणीप्रमाणे ते कामाला हात लावत नसत आणि शेकोटीजवळची जागा अडवून बसत. एकमेकांना धरून राहिलेल्या कुटुंबाची गोष्ट सांगायची तर हे पाहुणे नकोत, असं लॉराने जाणून ठरवलं. लेखिकेचा निर्णय म्हणून मला तो शंभर टक्के पटतो.

मेरीच्या शिक्षणाची गोष्टही अशीच अर्धी खरी आहे. लॉरा शिवणकाम करून, शाळेत शिकवून पैसे देते, हे खरं. पण आयोवात व्हिंटनला अंधांचं कॉलेज होतं, आणि डकोटा प्रांतात तसं काही नसल्यामुळे मेरीची फी प्रांताच्या सरकारने भरली. ती तिथे १८८१ ते १८८९ या काळात शिकली, नंतर दे स्मेटला आईजवळ राहिली, घोड्यांसाठी माश्यांपासून रक्षण करणाऱ्या जाळ्या विणून थोडं कमावत असे. तिचं लग्न झालं नाही. १९२८ मध्ये ती कॅरीच्या घरी वारली.

म्हणजे मदतीचं पीठ गाळलं, सरकारने भरलेली फी गाळली. तुमच्या रोझबद्दलच्या प्रश्नाकडे मी इथून येते. रोझ वाइल्डर लेन, १८८६ ची, लॉराची एकुलती एक जगलेली मुलगी. आईची पुस्तकं आली तेव्हा ती स्वतः अमेरिकेतली नावाजलेली, भरपूर कमावणारी लेखिका होती. १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात तिचे आणि आईवडिलांचे गुंतवलेले पैसे बुडाले. १९३० मध्ये ६३ वर्षांच्या लॉराने शाळेच्या वह्यांसारख्या पुस्तिकांत पेन्सिलीने आपलं आयुष्य लिहून काढलं, ‘पायोनिअर गर्ल’ या नावाने, मोठ्यांसाठी. ते कुणी छापलं नाही. रोझने त्यातलाच काही भाग मुलांसाठी वेगळा काढून प्रकाशकांकडे फिरवला, आणि त्यातून पहिलं पुस्तक जन्मलं. ‘पायोनिअर गर्ल’ अखेर २०१४ मध्ये साउथ डकोटाच्या इतिहास संस्थेने टिपांसह छापलं. मी वर आत्मचरित्र म्हणते आहे ते हेच.

रोझने आईची हस्तलिखितं जबरदस्त संपादित केली, प्रसंग हलवले, संवाद घातले, प्रकरणांना शेवट दिले. १९९३ मध्ये एका चरित्रकाराने तर रोझच खरी लेखिका, असं ठासून मांडलं. पण वह्या आणि दोघींची पत्रं शिल्लक आहेत, आणि त्यांत आई लेकीशी बरोबरीने भांडते. मेरीचं आंधळेपण पुस्तकात आणायचंच, हा हट्ट लॉराचा होता. आठवण, स्वर, माणसं आईची. बांधणी बरीचशी लेकीची. आणि रोझला सरकारी मदतीचा तिटकारा होता, त्या काळातले अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मदतयोजनांचा ती संतापाने विरोध करायची. लॉराही त्याच मताची. स्वतःच्या बळावर उभं राहणारं कुटुंब पुस्तकांत एवढं ठळक झालं, त्यात दोघींचा हात आहे. एक उदाहरण तर दोघींचंही डोळे मिटून वाचू नये असं सांगणारं आहे. १९३७ मध्ये डेट्रॉइटच्या भाषणात लॉराने सांगितलं, की कॅन्ससमधल्या कुप्रसिद्ध बेंडर खुनी कुटुंबाला शोधायला पा गेला होता. बेंडरांचे गुन्हे १८७३ मध्ये उघडकीला आले. पाला तोपर्यंत कॅन्सस सोडून दोन वर्षं झाली होती.

थोडक्यात राहिलेलं. नेली ओल्सन ही तीन वेगवेगळ्या मुलींना एकत्र करून केलेली आहे. आल्मांझो पुस्तकात दाखवला आहे त्याहून मोठा होता, लॉरापेक्षा पूर्ण दहा वर्षांनी. दोघांचं लग्न २५ ऑगस्ट १८८५ ला झालं, आणि पुढची वर्षं फार कठीण गेली: घटसर्प, त्यानंतर आल्मांझोच्या पायांत कायमची आलेली अशक्तता, दुष्काळ, आग लागून जळालेलं घर, आणि १८८९ मध्ये जन्मून काही दिवसांत गेलेला मुलगा. हे ‘द फर्स्ट फोर इयर्स’मध्ये आहे, लॉराच्या आणि रोझच्याही पश्चात १९७१ मध्ये ते फारसा हात न लावता छापलं गेलं. ते मालिकेला जोडून विकलं जातं, पण तुमच्या मुलीला आत्ता देऊ नका, तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत थांबा. १८९४ मध्ये ती दोघं छोट्या रोझसह मिसूरीतल्या मॅन्सफील्डला आली आणि तिथेच राहिली. आल्मांझो १९४९ मध्ये गेला, लॉरा १० फेब्रुवारी १९५७ ला, ९० वर्षं पूर्ण होऊन तीन दिवसांनी. पाचं फिडल मॅन्सफील्डच्या संग्रहालयात आजही आहे. चार बहिणींपैकी फक्त लॉराचं एक मूल मोठं झालं, आणि रोझला मागे मूल नव्हतं. १९६८ मध्ये ती गेल्यावर पा-माचा थेट वंश संपला. दूरदर्शन मालिका, १९७४ ते १९८३ ची, वेगळीच गोष्ट आहे; तिच्यातलं मेरीचं लग्न वगैरे मुलीने पाहिलं असेल तर ते रचलेलं आहे असं सरळ सांगा.

आता सांगायचं कसं. तुमच्या मुलीने स्वतः विचारलं आहे, म्हणून तिला खरं उत्तर द्या, लांबवू नका. फ्रेडीचं सांगताना त्याचं नाव घेऊन सांगा. ‘एक भाऊ होता’ एवढं म्हटलं तर मुलांच्या मनात भलतीच भीती तयार होते; नाव, वय, कुणाच्या घरी गेला, हे सांगितलं की ते दुःख एका माणसाचं होतं. नऊ वर्षांच्या मुलांनी मला पुढचा प्रश्न जवळजवळ नेहमी हाच विचारला आहे: मग लॉराने त्याला पुस्तकात का नाही घेतलं? मी सांगते, की मला वाटतं तिला ते लिहिणं जमलं नाही, आणि मुलांनी वाचावं असंही तिला वाटलं नसेल. मुलांना हे उत्तर पुरतं. बर ओकमधून रात्री पळून जाणं सांगायला हरकत नाही. पैसे नसणं ही गोष्ट आपल्या मुलांना काही नवी नाही. ओसेजांचं मात्र थोडं तयारीने सांगा, नकाशा समोर ठेवून. मी भिंतीवर अमेरिकेचा मोठा नकाशा लावते आणि दोन रंगांचे दोरे देते: एक पुस्तकातल्या प्रवासाचा, एक खऱ्या प्रवासाचा. दुसरा दोरा मागे वळतो, पुन्हा पुढे जातो, आयोवात उतरतो, पुन्हा वर येतो. ओसेज कुठून कुठे गेले त्याचा तिसरा दोरा मुलं स्वतःहून मागतात.

राहिला जॅक. पाचव्या पुस्तकात हा कुत्रा म्हातारा होऊन झोपेत मरतो, आणि मुलं पुस्तकातल्या कुठल्याही माणसासाठी रडत नाहीत एवढी त्याच्यासाठी रडतात. खऱ्या जॅकला कॅन्ससहून निघताना पाने घोड्यांच्या अदलाबदलीत घोड्यांबरोबरच देऊन टाकलं होतं. त्याला आपल्या घोड्यांना सोडून यायचं नव्हतं. लॉरा तेव्हा चार वर्षांची. साठहून जास्त वर्षांनी तिने त्याला पुस्तकात मिनेसोटापर्यंत गाडीखालून चालवत आणलं, आपल्याजवळ ठेवलं, त्याच्या अंथरुणाची घडी नीट केली नाही याचं वाईट वाटून घेतलं, आणि मगच जाऊ दिलं. तुमच्या मुलीला आधी ते प्रकरण तिचं तिला वाचू द्या. हे तिला नंतर सांगा, तिने विचारलं तर.